उघडं केलेलं कुरण

कासुबाबाई घरी परतल्या की आमच्या गल्लीत आधी त्यांचा आवाज येतो, मग पिशवी येते आणि सगळ्यात शेवटी त्या स्वतः. पिशवीत लॅपटॉप, त्याला गुंडाळलेलं जुनं चितेंगे, एरवी कमरेला नेसायचं, आणि खाली वाळक्या कापेंटा मासळीची पुडी. त्यामुळं बाई किती शिकलेल्या आहेत ते त्यांच्या प्रशिक्षणाला आलेल्या माणसाला नंतर कळायचं, काल रात्री काय जेवल्या ते आधी.

कासामाच्या मुलींच्या शाळेत त्यांनी आयुष्यभर जीवशास्त्र शिकवलं. मग एकदा राजधानीला, लुसाकाला, कसल्याशा शिबिराला गेल्या आणि नव्या चर्चात बाप्तिस्मा घेऊन यावं तशा परत आल्या. त्या दिवसापासून एकच ध्यास. जिल्ह्यात ज्याला म्हणून एखादा पक्षी, एखादं गवत, एखादा मासा ओळखता येतो, त्यानं तो कुठं दिसला आणि कधी दिसला ते लिहावं, अक्षांश-रेखांश जोडावेत आणि इंटरनेटवरच्या जगाच्या उघड्या कोठारात टाकून मोकळं व्हावं. ज्याला हवं त्यानं घ्यावं. वनरक्षक, मास्तर, मत्स्यखात्यातले साहेब, कुणालाही त्यांनी सोडलं नाही. एका म्हाताऱ्या पाद्र्याकडं घरट्यांच्या नोंदींची पेटी होती. तो देईना, तर बाई त्याच्या ओसरीवर ठाण मांडून बसल्या. "फादर, कपाटात ठेवून तिला काय पिल्लं होणार आहेत का?" म्हाताऱ्यानं पेटी दिली. बहुतेक हसू आवरेना म्हणून दिली असावी.

यासाठी त्या शिबिरं घ्यायच्या, आणि तिथल्या शिकवणीचा दुसरा भाग त्यांच्या विशेष आवडीचा. माहिती नुसती टाकायची नाही, तिचा बोभाटा करायचा. नकाशे छापून बसथांब्यावर लावायचे, चर्चात प्रार्थनेनंतर सांगायचं, रेडिओवर बोलायचं. "एकदा का उघडं केलं," बाई हात पसरून म्हणायच्या, "की मग कुणाच्या बापाला बंद करता येत नाही!" या वाक्याला हटकून टाळ्या पडायच्या. टाळ्या पडेपर्यंत त्या हात खाली घेत नसत.

रेडिओ म्हणजे आमच्या स्टेशनवर बोलणारा जेरे. जेरे न्गोनी जमातीचा, बाई बेंबा. दोघांच्या पणजोबांनी एकमेकांच्या गळ्यावर भाले धरले होते, त्या बदल्यात पणतवंडांना एकमेकांना वाटेल ते बोलायचा परवाना मिळालाय. न्गोनी माणसानं बेंबाला माकडखाऊ म्हणायचं, बेंबानं न्गोनीला उंदीरखाऊ म्हणायचं, आणि रागवायचं कुणीच नाही. रागावलेल्याची छीथू होते. बाईंचे यजमान गेले तेव्हा हा जेरे खणलेल्या खड्ड्यात जाऊन आडवा झाला. "कोंबडी दिल्याशिवाय उठणार नाही, माकडखाऊंच्या जमिनीत जागा फुकट मिळतेय तर मीच घेतो," म्हणाला. रडत असलेल्या बाई खदखदून हसल्या. त्या हसण्यावरच त्यांनी ते वर्ष काढलं, असं आमच्याकडच्या बायका अजून सांगतात.

तर असा हा सगळा आनंदीआनंद चालला होता. मग साम्पाच्या तुकडीचं शिबिर आलं.

साम्पा हा मपोरोकोसोच्या रस्त्यावरच्या कापुंडा गावचा. तिशीचा मास्तर, बुजरा, पण कामाला पक्का. सर्टिफिकेट हवं असेल तर प्रत्येकानं स्वतःच्या नोंदींचा एक संच जगाच्या कोठारात टाकलाच पाहिजे, असा बाईंचा नियम. इतरांनी शाळेच्या आवारातली झाडं टाकली, कुणी घरामागच्या चिमण्या टाकल्या. साम्पानं आईला बरोबर घेतलं आणि पावसातून हिंडून दलदलीची कुरणं टाकली. जिथं चिकांदा उगवतो ती. गुडघाभर गवतात जांभळ्या-पिवळ्या तुऱ्यांची रानऑर्किडं असतात, त्यांच्या बुडाशी बोटाएवढे कंद. लुएला, कापुंडा, मुसेबे आणि आणखी दोन-चार गावांमागची कुरणं. तिथं कसं जायचं ते फक्त त्या त्या गावच्या बायकांना माहीत. साम्पाच्या आईनं त्याला ती दाखवली, कारण पोटचा पोर. त्यानं प्रत्येक कुरणाच्या मधोमध उभं राहून फोनवर ठिपका घेतला, फुलांचे फोटो काढले.

"वा रे वा, साम्पा!" बाई पडद्यावर वाकून म्हणाल्या. "पावलाचीसुद्धा चूक नाही. बघा रे सगळे, याला म्हणतात नेमकेपणा!"

शेवटच्या दुपारी दोन धडे उरले होते. एक बोभाट्याचा, आणि एक 'काय झाकायचं' याचा. ज्याच्या मागं शिकारी लागलेत अशा जिवाचा ठिपका उघड करायचा नसतो, तो मुद्दाम धूसर करून मोठ्या चौकोनात सोडायचा असतो. शास्त्रज्ञाला मुलूख कळावा, चोराला झाड कळू नये. धडा असा चांगला होता. पण वीज गेली, मागच्या अंगणातून कोंबडीच्या रश्श्याचा वास यायला लागला आणि सगळ्यांच्या माना एकदमच तिकडं वळल्या.

"झाकायचं ते घरी जाऊन वाचा," बाई म्हणाल्या. "आपल्याकडं कुठं गेंडे उरलेत, झाकायला?"

सगळे हसले. पानं वाढली. मक्याच्या पिठाची घट्ट नशिमा, कोंबडी, घेवडा, आणि बाजूला चिकांद्याचे तुकडे. तेच कंद वाळवून, शेंगदाण्याबरोबर कुटून, मिरची घालून शिजवलेली ती तपकिरी वडी कासामाच्या कुठल्याही नाक्यावर मिळते. शाळकरी पोरं मधल्या सुट्टीत खातात. पूर्वी ती जवळच्या कुरणातून यायची, आता सरहद्दीपलीकडून ट्रकनं येते, हे बाईंनाही ठाऊक होतं आणि साऱ्या जिल्ह्यालाही. पण ज्या वस्तूवर नाक्यावर माशा बसतात ती जगातून संपत आली असेल, असं ताटावर बसलेल्या कुणाच्या मनात येतं? साम्पाच्या लॅपटॉपचा पडदा टेबलावर उघडाच होता. त्याच्यावर ते ठिपके. त्याच्या शेजारी बाईंनी आपलं ताट ठेवलं, आणि चिकांदा चांगला झालाय म्हणून दुसऱ्यांदा मागून घेतला.

जेवणानंतर बोभाट्याचा धडा मात्र अगदी सविस्तर झाला.

त्यात नमुना म्हणून साम्पाचीच नोंद घेतली. नकाशा छापला. जेरेनं रेडिओवर खास कार्यक्रम केला. "आमचा मुलूख जगाच्या नकाशावर," तो गरजला, "आणि तोही या माकडखाऊ बाईंमुळं! पृथ्वीवरचे सगळे लोक आता बघू शकतात की बेंबांची वडी कुठं उगवते!" बाईंनी माईकमधूनच त्याला उंदराच्या बिळाचा ठिपका पाठवायचं कबूल केलं. पुढचे काही आठवडे कासुबाबाई भेटेल त्याला फोन उघडून दाखवायच्या, साम्पाचा संच किती जणांनी उतरवून घेतला ते. आकडा रोज वाढत होता. नळावर पाणी भरतानाही आम्हाला तो आकडा ऐकावा लागे.

मग एका सकाळी साम्पाचा फोन आला.

"मॅडम, लुएलाचं कुरण गेलं."

"गेलं म्हणजे? पाणी चढलं का?"

"खणून नेलं. ट्रक आला होता, सरहद्दीवरच्या नाकोंदेच्या बाजूचा. पोरं होती कुदळी घेऊन. दोन दिवस होती. छोटे कंदसुद्धा ठेवले नाहीत, मॅडम. सगळी जमीन डुकरांनी उकरल्यासारखी झालीय."

"पण त्यांना कुरण सापडलं कसं? ती वाट तर…"

मग साम्पा म्हणाला, "रस्त्यावर एका बाईला त्यांनी फोनवर नकाशा दाखवून विचारलं. आपला नकाशा. खाली तुमचं नाव आहे, माझं आहे."

बाईंनी फोन ठेवला तो उलटा, पडदा खाली करून. मग परत उचलला, लॅपटॉप काढला आणि अंगणातल्या आंब्याखाली, जिथं जरा बरं नेटवर्क येतं, तिथं बसल्या. संच मागं घेतला. कोठाराच्या लोकांना लिहिलं. उत्तर लगेच आलं, फार सभ्य आलं. आमच्याकडून काढला आहे, पण ज्यांनी आधीच उतरवून घेतला त्यांच्याकडचं आमच्या हातात नाही. बाईंना हे कुणी सांगायला नको होतं. हे तर त्या हात पसरून, टाळ्या घेऊन, सगळ्या जिल्ह्याला सांगत आल्या होत्या. ज्या आकड्यानं त्यांनी आमचे कान किटवले होते तो पडद्याच्या कोपऱ्यात तसाच होता. त्यातला एक नाकोंदेचा. किंवा दहा. कोण जाणे.

जेरे पिकअप घेऊन आला. त्याला साम्पानंच कळवलं होतं. फाटकातून आत आला आणि उभा राहिला. आमच्या गल्लीत जेरे आल्यावर पहिल्यांदा शिवी ऐकू आली नाही.

"काय रे उंदीरखाऊ," बाईंनीच सुरुवात केली. आवाज चिरका येत होता. "मांजरानं जीभ नेली का?"

"चला," जेरे म्हणाला. "गाडीत बसा."

"काहीतरी बोल की मेल्या!"

"काय बोलू? रेडिओवर मीच ओरडलो होतो ना. बसा आधी."

खड्ड्यात आडवा होऊन हसवणारा हा माणूस. आज त्याला थट्टा सुचत नव्हती, म्हणजे त्या मयतापेक्षाही काहीतरी वाईट झालं होतं. त्या मुकाट्यानं बसल्या.

पावसाळा सरत आलेला. रस्त्यावर चिखलाच्या चाकोऱ्या. जेरे गाडी हाकत नव्हता, लोटत होता म्हणा.

"आता ते कापुंडाला जातील," बाई म्हणाल्या. "मग मुसेबे. नकाशावर त्याच क्रमानं आहेत."

"मी स्टेशनला फोन करतो. रेडिओवर सांगूया. कापुंडा, मुसेबे, सगळ्यांना सावध…"

"आणि ज्यांना अजून कळलेलं नाही त्यांनाही पत्ता सांगूया! परत बोभाटाच ना तो?"

जेरेनं एक खड्डा चुकवला. थोड्या वेळानं म्हणाला, "मग खोटे ठिपके टाका."

"काय?"

"शंभर टाका. दोनशे टाका. साऱ्या जिल्ह्यात पेरून ठेवा, टेकड्यांवर, खडकांवर, बिशपच्या अंगणात. बसू दे शोधत. खरा कुठला ते कुणाला कळणार नाही."

"आणि उद्या कुणी शास्त्रज्ञ खरं शोधायला आला तर त्याचाही कशावर विश्वास बसणार नाही."

"बाई, आत्ता विश्वासानंच घात केलाय. चोरांनी तुमच्यावर डोळे मिटून विश्वास ठेवला."

बाईंनी लॅपटॉप मांडीवर उघडला. एरवी एका शून्याची चूक झाली तरी त्या रात्रभर तळमळायच्या. एकदा एका वनरक्षकानं वजाचं चिन्ह विसरून सगळी झाडं वाळवंटात नेऊन लावली, तर त्याला सगळ्या वर्गासमोर उभं करून पुन्हा लिहायला लावलं होतं. त्यांनी एक खोटा अक्षांश लिहिला. मग रेखांश. बोट पाठवायच्या बटणावर ठेवलं. नेटवर्क नव्हतं. खिडकीबाहेर हात काढून त्यांनी फोन वर धरला, या बाजूला, त्या बाजूला, आणि नेटवर्क आलं नाही. त्या रडायला लागल्या. नेटवर्क आलं नाही म्हणून रडतायत की आपण ते बोट खरंच दाबणार होतो म्हणून, ते जेरेला कळलं नाही. त्यानं विचारलंही नाही.

कापुंडाला पोचल्यावर आधी जिवात जीव आला. ट्रक नव्हता. गावामागच्या पायवाटेनं दोघं कुरणाकडं निघाले. वाटेतच कुदळींचे आवाज यायला लागले. एकाच्या नव्हे, पुष्कळांच्या. बाई धावल्या.

कुरणात गावच्याच बायका होत्या. चितेंगे वर खोचून, ओळ करून, सगळ्या खणत होत्या. पाठीवर लेकरं बांधलेल्यासुद्धा. एरवी या बायका कशा खणतात ते साम्पाच्या नोंदीत लिहिलेलं होतं. एक झाड सोडून एक, मोठा कंद काढायचा, छोटा परत मातीत दाबून वर पायानं थोपटायचं. आज थोपटायला कुणाचा पाय थांबत नव्हता. तुरे, पानं, कंद, सगळं टोपल्यांत. अर्धं कुरण उलथून झालं होतं.

साम्पा एका बाजूला वारुळापाशी बसला होता, गुडघ्यांत डोकं घालून.

"या, या!" साम्पाच्या आईनं कुदळ टेकली. उंच, हडकुळी बाई, आवाज रेडिओला लाजवेल असा. "या सर्टिफिकेटवाल्या बाई! फोटो काढायला आलात का? थांबा, फुलं तोडलीत, परत लावू का?"

"काय करताय हे तुम्ही? तुम्हीच?"

"मग कुणी करायचं? लुएलाच्या बायका बसल्या वाट बघत, चोर येईल, आपण ओरडू, चोर लाजेल. चोर लाजला नाही. पोरांनी त्यांना ढकललं, चिखलात पाडलं. आज आम्ही नाही खणलं तर उद्या ते खणणार. आमच्याच कुरणाचं आमच्या घरात तरी जाऊ दे."

"पण सगळं काढलं तर पुढच्या वर्षी…"

"पुढच्या वर्षी!" आई हसली. बाकीच्या बायकाही हसल्या, आणि ते हसणं ऐकवत नव्हतं. "ऐका गं, बाई पुढच्या वर्षाचं बोलतायत. पुढचं वर्ष तुमच्या नकाशात आहे का बाई? दाखवा कुठल्या ठिपक्यात आहे."

कासुबाबाईंनी पिशवी बाजूला ठेवली. मग गुडघे टेकले. आमच्याकडं थोरल्यांशी बोलताना बायका गुडघे टेकतात, ओंजळ करून हळू टाळी वाजवतात, त्यात नवल नाही. पण साम्पाची आई बाईंपेक्षा धाकटी होती. शाळेतली बाई धाकटीपुढं, चिखलात, गुडघ्यांवर. कुदळी एकेक करून थांबल्या.

"चूक माझी," बाई टाळी वाजवत म्हणाल्या. "त्याची नाही. तो बुजरा पोर, मी सांगितलं तसं त्यानं केलं. झाकायचा धडा मी शिकवला नाही. भूक लागली होती म्हणून. ऐकताय का? कोंबडी शिजली होती म्हणून. मोठे कंद घ्या तुम्ही, सगळे घ्या. छोटे तेवढे ठेवा. मी पाया पडते."

"ठेवून काय? त्यांच्यासाठी?"

"इथं नका ठेवू. दुसरीकडं न्या. नुसते नाही, मातीसकट उचला, ढेकूळ फुटू देऊ नका. याला याचीच माती लागते, नाहीतर मरतो."

"तो मातीसकटही मरतो," एक म्हातारी बसल्या जागेवरून बोलली. "माझ्या सासूनं लावून बघितला होता दारात. तो त्याला हवं तिथंच उगवतो. आपल्याला हवं तिथं नाही."

"मरतो, हो," बाई म्हणाल्या. "बहुतेक मरतोच. दहातले नऊ मरतील. इथं ठेवला तर दहाचे दहा."

एक लेकरू रडायला लागलं, त्याच्या आईनं पाठीवरच त्याला हलवलं. साम्पाच्या आईनं म्हातारीकडं बघितलं. म्हातारीनं खालचा ओठ पुढं काढून लांब कुठंतरी दाखवल्यासारखं केलं, आणि लगेच आत घेतला.

"एक जागा आहे," साम्पाची आई म्हणाली.

बाईंनी मान वर केली. "कुठं?"

तो शब्द त्यांच्या तोंडून सुटला आणि त्यांनी लगेच हात तोंडावर ठेवला. पण सुटला तो सुटलाच. आयुष्यभराची खोड.

"बघितलंत?" साम्पाची आई म्हणाली. आता ती ओरडत नव्हती, ते जास्त वाईट होतं. "तुम्ही यायचं नाही. तो रेडिओवाला पण नाही. आणि हा," तिनं वारुळाकडं हनुवटी केली, "हा पण नाही. फोन सगळे इकडं द्या. आणि त्या रस्त्याकडं तोंड करून बसा तिघं. मागं बघायचं नाही."

"आई," साम्पा म्हणाला.

"तुला मी एकदा दाखवलंय."

तिघं बसले. समोर पायवाट, तिच्यापुढं गाव, पुढं रस्ता. मागं कुदळींचा आवाज आता वेगळा येत होता, हळू, बुडाखालून, पीठ उचलावं तसा. मग टोपल्या डोक्यावर घेताना होणारे हुंकार. मग पावलं. बाईंच्या लक्षात आलं की आपल्याला कळतंय. चिखलातली पावलं डावीकडं गेली, मग कुठंतरी पाण्यातून गेली, म्हणजे ओढा ओलांडला. त्यांनी दोन्ही कानांत बोटं घातली आणि मोठ्यानं चर्चातलं गाणं म्हणायला लागल्या. बेसूर. जेरेनंही कान झाकले. साम्पा नुसताच बसला होता, त्याच्या गालांवरून पाणी वाहत होतं आणि तो ते पुसत नव्हता.

आईनं परत येऊन खांद्याला हात लावला तेव्हा बाईंनी बोटं काढली. तेव्हाच ट्रकचा आवाज आला.

पोरं उतरली, कुदळी घेऊन. त्यांचा म्होरक्या चांगला कपड्यातला, नम्र माणूस होता. हात जोडून पुढं आला आणि फोन बाईंपुढं धरला.

"मावशी, नमस्कार. हेच ना ते कुरण?"

पडद्यावर नकाशा. खाली बाईंचं नाव.

"हेच," बाई म्हणाल्या.

त्यानं कुरण बघितलं. उलथलेली माती, तुडवलेले तुरे. तोंड वाकडं केलं. "अरेरे. आमच्या आधी कुणीतरी आलंय."

"गावच्या बायकांनी खणलं. त्यांचंच होतं."

"बरोबर आहे, बरोबर आहे. पण इतक्यानं नाही संपायचं. छोटे कुठायत? कुणी दुसरीकडं नेले का?"

"मला माहीत नाही," बाई म्हणाल्या.

त्यानं त्यांच्याकडं निरखून पाहिलं. शाळेच्या बाईंचा खोटं बोलतानाचा चेहरा कसा असतो ते त्याला ठाऊक असावं, आणि हा तो नव्हता. थोड्या वेळानं त्यानं खांदे उडवले. साम्पाच्या आईकडं वळला, तर ती त्याच्या पायांपासून दोन हातांवर थुंकली. पोरं पुढं सरसावली, त्यानं हातानं थांबवलं.

"असू दे रे. भांडायला वेळ नाही. अजून ठिपके आहेत." त्यानं अंगठ्यानं नकाशा सरकवला. "नदीपलीकडं मुसेबे. नकाशा करणाऱ्यानं काम मात्र झकास केलंय हो, मावशी. लुएलात अगदी कुरणाच्या मधोमध नेऊन उभं केलं. पावलाचीसुद्धा चूक नाही."

जेरेनं बाईंचा दंड धरून ठेवला होता.

ट्रक वळला तसे तिघं पिकअपकडं धावले. मुसेबेला एकच रस्ता, आणि रस्ता एका गाडीपुरता. ट्रक पुढं, पिकअप मागं. जेरे भोंगा वाजवत होता, ट्रकवाला बाजू देत नव्हता. मागच्या फळीवर बसलेली पोरं हात हलवत होती. त्यांना वाटलं असावं की यांचं लग्नाचं वऱ्हाड आहे.

नदीवर पाणी रस्त्यावरून चाललं होतं. ट्रक काठावर थांबला. म्होरक्या उतरून काठीनं खोली बघायला लागला. थोडं वरच्या अंगाला झाडाचा ओंडका आडवा टाकलेला होता, पायी जाणाऱ्यांसाठी.

कासुबाबाईंनी पिशवी गाडीतच टाकली, लॅपटॉपसकट. चपला काढल्या. ओंडका शेवाळलेला होता, त्या चार पायांवर ओलांडून गेल्या, मागोमाग साम्पा, आणि पलीकडं बाई उभ्या राहिल्या तर गुडघा सरळ होईना.

"साम्पा, तू पळ," त्या म्हणाल्या. "मी येते मागून. मुसेबेत कोण ओळखीचं आहे?"

"मावशी आहे, आईची बहीण."

"तिला सांग. सगळ्या बायकांना बोलव. मोठे काढून घ्या म्हणावं. छोटे मातीसकट उचला. ढेकूळ फोडू नका. ऐकतोयस ना?"

"हो मॅडम."

"आणि साम्पा! कुठं नेणार ते विचारायचं नाही. त्या सांगायला लागल्या तरी ऐकायचं नाही. निघून यायचं."

तो गवतातून पळत सुटला. बाई चितेंगे वर खोचून त्याच्या मागं लंगडत निघाल्या. मागं ट्रकचं इंजिन सुरू झालं, मग पाण्यात शिरल्यावर त्याचा आवाज बदलला.

"मातीसकट!" त्या पुन्हा ओरडल्या. साम्पा दिसत नव्हता. गवत तेवढं हलत होतं.